दोन टीबी

‘टीबी’ हा शब्द आमच्या लहानपणी घरात कोणी मोठ्यानं उच्चारत नसे. गल्लीत कोणाला तो झालाच, तर बायका आवाज खाली आणून ‘त्यांना मिरजेला नेलंय’ एवढंच म्हणत आणि ऐकणारा काय ते समजून जाई. कारण मिरजेजवळच्या वानलेसवाडीला धडधाकट माणूस उगीच हवा पालटायला जात नसे. त्यामुळे त्या रात्री जेवताना चिरंजीव जेव्हा आमटीत भाकरी कुस्करत अगदी शांतपणे म्हणाले, ‘‘पप्पा, एक टीबी पुरणार नाही. दोन टीबी लागेल,’’ तेव्हा आमच्या मातोश्रींचा घास हातातच राहिला.

‘‘कुणाला रे?’’ त्यांनी विचारलं.

‘‘कॉम्प्युटरला, आज्जी.’’

‘‘त्याला कसा झाला?’’

‘‘धुळीनं,’’ सौ. म्हणाल्या. ‘‘पुसतंय कोण रोज?’’

बारावीला ठरलेले मार्क पडले तर गेमिंगचा कॉम्प्युटर घेऊन द्यायचा, असा करार आमच्या घरी झाला होता. करार करताना बँकेत पंचवीस वर्षं होत आलेला माणूस जेवढी सावधगिरी बाळगतो तेवढी मी बाळगली होती. ठरलेले मार्क पुष्कळ वर ठेवले होते. ते पडले. मग प्रोसेसर कुठला, ग्राफिक्स कार्ड कुठलं, पंखे किती आणि त्यांत दिवे कुठल्या रंगाचे, हे सगळं चिरंजीवांनी परस्पर ठरवलं आणि मला फक्त आकडा कळवला. पण ‘सामान ठेवायला जागा किती’ हा प्रश्न कुठल्याही मराठी घरात एकट्यानं सोडवायचा नसतो. त्यावर सगळ्यांचं मत असतं. तसं याही वेळी झालं.

आता मुळात टीबी म्हणजे काय, हे मी आधी समजून घेतलं. एक टीबी म्हणजे एक हजार जीबी. ही डिस्क विकणाऱ्याची व्याख्या. विंडोज मात्र हजाराऐवजी १०२४च्या पटीनं मोजते. म्हणून एक टीबीची डिस्क पैसे मोजून घरी आणली आणि जोडली, की पडद्यावर जागा दिसते ९३१ जीबी. उरलेली गेली कुठं? माझ्या मनात पहिला शब्द आला तो टीडीएस. पण कापलेला टीडीएस निदान परत मागता तरी येतो. इथं कोणीच लबाड नाही. जुन्या बाजारात कच्चा शेर आणि पक्का शेर असायचा, त्यातला प्रकार. देणारा कच्च्यानं देतो आणि घेणारा पक्क्यानं मोजतो.

पण एवढी जागा लागते कशाला? चिरंजीवांनी ‘बाल्डर्स गेट ३’ नावाच्या एका खेळाचा कागद पुढं केला. २०२३ सालचा खेळ. त्याला एकट्याला दीडशे जीबी मोकळी जागा हवी, आणि ती साध्या हार्ड डिस्कवर चालत नाही, एसएसडीच हवी, अशी निर्मात्याचीच अट. मी कॉमर्स कॉलेजात असताना आम्ही टॅलीचा डेटा फ्लॉपीवर नेत असू. एका फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचं. मी तिथंच पेपराच्या कडेला गणित मांडलं. हा एक खेळ फ्लॉपीत भरायचा तर एक लाख चार हजारांच्या वर फ्लॉप्या लागतील. म्हणजे खेळ ठेवायला वेगळं गोडाऊन भाड्यानं घ्यावं लागेल आणि तो सुरू व्हायच्या आत चिरंजीव निवृत्त होतील. ‘‘पप्पा, फ्लॉपी म्हणजे ते सेव्हचं चिन्ह ना?’’ एवढंच ते यावर म्हणाले.

तशी जागेची ही हाव जुनीच आहे. आयबीएमनं १९५६ साली चुंबकी तबकड्यांवर माहिती साठवणारं पहिलं यंत्र बाजारात आणलं, त्यात चोवीस इंची पन्नास तबकड्या होत्या. वजन एक टनाच्या घरात. आणि मावायची किती, तर पन्नास लाख अक्षरं. आज मोबाइलवर काढलेला मिसळीचा एक फोटो तेवढी जागा खातो. आणि आमच्या कोल्हापुरात मिसळीचा एकच फोटो काढून कोणी थांबत नाही.

हार्ड डिस्क ही शेवटी ग्रामोफोनच आहे. आत तबकडी फिरते, मिनिटाला सात हजार दोनशे वेळा, आणि एक दांडी तिच्यावरून पुढं-मागं सरकत हवं ते शोधते. शोधायला वेळ लागतो, कारण दांडी तिथं जावी लागते. आमच्या ब्रँचमध्ये जुन्या व्हाउचरचा गठ्ठा आणायला शिपाई माळ्यावर चढे, तसंच. एसएसडीत फिरणारं, सरकणारं काहीच नाही. तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका नावाच्या जपानी इंजिनियरनं १९८०च्या दशकात फ्लॅश मेमरी शोधून काढली, तिचा हा अवतार. सिलिकॉनच्या बारीक बारीक कप्प्यांत विजेचा भार कोंडून ठेवायचा. भार किती आहे त्यावरून आत काय लिहिलंय ते ओळखायचं. शिपाई नाही, माळा नाही, शिडी नाही. हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी वाचते. एसएसडीचा साधा, वायरीनं जोडायचा साटा प्रकार साडेपाचशेच्या आसपास. आणि च्युइंगगमच्या कांडीएवढी पट्टी थेट मदरबोर्डात खोचायची तो एनव्हीएमई प्रकार, त्याची चौथी पिढी सात हजारांपर्यंत.

‘‘दाजी, चौथी कशाला? पाचवी घ्या. चौदा हजार!’’ हे आमच्या पुण्याच्या मेव्हण्याचं मत. फोनवर आलं. हा मेव्हणा स्वतःच्या घरात अजून आठ वर्षांपूर्वीचा लॅपटॉप वापरतो. पण दुसऱ्याच्या खरेदीत त्याला नेहमी पाचवी पिढी लागते. माझ्या लग्नात मला घड्याळ कुठलं घ्यावं हेही त्यानंच सांगितलं होतं. असो.

राजारामपुरीतल्या ज्या दुकानात आम्ही गेलो, तिथला पोरगा मात्र खरा माणूस निघाला. वय पंचवीस असेल. मी त्याला सरळ विचारलं, ‘‘साडेपाचशे कुठं आणि सात हजार कुठं! म्हणजे खेळ बारापट लवकर सुरू होणार?’’

‘‘न्हाई ओ साहेब,’’ तो म्हणाला. ‘‘दाखवतोच की.’’

त्यानं शेजारी-शेजारी दोन मशीन लावली. एकात साटा, एकात चौथ्या पिढीची पट्टी. दोन्हीकडं एकच खेळ एकाच वेळी सुरू केला. फरक पडला तो तीन-चार सेकंदांचा. मग तिसऱ्या मशीनवर जुनी हार्ड डिस्क होती, तीवर तोच खेळ लावला. तो सुरू होईपर्यंत चहा आला, पिऊन झाला आणि सौं.नी कपात साखर जास्त असल्याचंही सांगून झालं.

याचं कारण मला ताबडतोब पटलं, कारण मी बँकेत आहे. चेक क्लिअरिंगला कितीही वेगानं आला, तरी सही ताडून पाहणारा साहेब टेबलावर हवा. डिस्कवरून माल धो-धो आला, तरी त्या गाठोड्यांच्या गाठी सोडायच्या, चित्रं उलगडायची, हे काम प्रोसेसरला करावंच लागतं. हार्ड डिस्क होती तोवर साहेब रिकामा बसून मालाची वाट पाहत होता. एसएसडी आल्यावर माल साहेबाची वाट पाहतो. तो आणखी वेगानं आणला, तर टेबलावरचा ढीग तेवढा वाढेल. मायक्रोसॉफ्टनं २०२२ साली यावर डायरेक्टस्टोरेज नावाची तोड काढली. तिच्यात गाठी सोडायचं काम ग्राफिक्स कार्डाकडं सोपवता येतं. पण त्यासाठी खेळही तसा लिहिलेला असावा लागतो, आणि असे खेळ अजून मोजकेच. आणि एकदा खेळ सुरू झाला, की पडद्यावर सेकंदाला चित्रं किती उमटणार हे डिस्कवर ठरत नाही, ग्राफिक्स कार्डावर ठरतं. पाचवी पिढी वर तापतेही जास्त. तिच्या डोक्यावर उष्णता ओढून घेणारा धातूचा पत्रा बसवावा लागतो. मेव्हण्याची सूचना अशा रीतीनं नेहमीप्रमाणे आभारपूर्वक दप्तरी दाखल झाली. चौथी पिढी ठरली. साटा बाद झाली, कारण किमतीत तिच्यात आणि पट्टीत म्हणावा तसा फरक उरलेला नव्हता आणि वायरींचा गुंता मात्र फुकट मिळत होता.

पुढं टीएलसी आणि क्यूएलसी असा एक घोळ निघाला. दुकानदार पोरगा इंग्रजीत समजावू लागला, तेव्हा मी त्याला म्हटलं, ‘‘थांब. मी एसटीत समजून घेतो.’’ लाल गाडीतलं तीन जणांचं बाक डोळ्यांसमोर आणा. टीएलसीच्या प्रत्येक कप्प्यात तीन बिट बसतात, म्हणजे तिघं. क्यूएलसीच्या कप्प्यात चौघं. ‘जरा सरका की पावणं’ म्हणून चौथा टेकतो. गाडीचं भाडं दरडोई कमी पडतं हे खरं, पण चढ-उताराला वेळ लागतो आणि बाक लवकर कुरकुरायला लागतं. क्यूएलसीची आणखी एक खोड अशी, की पहिला काही माल ती झपाट्यानं घेते, कारण त्यासाठी थोडे कप्पे एकट्या-दुकट्यानं मोकळे ठेवलेले असतात. ते भरले, की मग वेग असा कोसळतो की कधी कधी हार्ड डिस्क बरी. लग्नातली पहिली पंगत आणि शेवटची पंगत यांत जो फरक, तो. पहिल्या पंगतीत जिलबीचा आग्रह असतो. शेवटच्या पंगतीत वाढपीच सापडत नाही. टीएलसीलाही अशी पंगत असते, पण शेवटच्या माणसाला निदान वरणभात मिळतो.

‘‘पण साहेब, ह्याला आयुष्य असतंय,’’ पोरगा म्हणाला. लिहून-पुसून कप्पे झिजतात. एक टीबीच्या चांगल्या टीएलसी पट्टीवर कंपनी साधारण सहाशे टीबी लिहिण्याची हमी देते, किंवा पाच वर्षं, यांतलं जे आधी येईल ते. मी पुन्हा पेन काढलं. चिरंजीवांनी रोज, म्हणजे दिवाळी-शिमगा न पाळता, पन्नास जीबी लिहिले, तर सहाशे टीबी संपायला बारा हजार दिवस लागतात. म्हणजे जवळजवळ तेहतीस वर्षं. तोवर चिरंजीवांच्या चिरंजीवांनी कसला तरी टीबी मागितलेला असेल. मी हमीचा प्रश्न निकालात काढला.

राहिला भाव. २०२५च्या अखेरीपासून जगभर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचलायला सुरुवात केली आणि आमच्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकांना भाव चढले. गुजरीत सोन्याचा भाव विचारावा तसा मी आठवडाभर रोज दुकानात फोन करून पट्टीचा भाव विचारत होतो. चिरंजीवांचा युक्तिवाद असा, की भाव वाढतोय म्हणून आजच दोन टीबी घ्यावी. हा युक्तिवाद मी लग्न झाल्यापासून ऐकत आलो आहे. फक्त तेव्हा तो तोळ्यांत असायचा. चिरंजीवांनी तो आईकडून घेतला असावा.

आणि नेमकी त्यांची आईच मध्ये बोलली. दुकानात काउंटरवर तिन्ही प्रकारच्या डिस्का मांडून ठेवल्या होत्या. त्यांच्याकडं पाहत तिनं पोराला विचारलं, ‘‘ह्यातली पुरात कुठली टिकते?’’

पोरगा हसला नाही. कोल्हापूरचा होता.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका, हे आमच्याकडं शाळेतली पोरंसुद्धा पाढ्यासारखं सांगतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये ती पंचावन्न फुटांच्या वर गेली. आमचं घर तळमजल्यावर. आम्ही माणसं, कागदपत्रं आणि गॅसची टाकी घेऊन नातेवाइकांकडं गेलो. परत आलो तेव्हा लाकडी कपाटाचा खालचा खण फुगून बसला होता आणि त्यात आमचे अल्बम होते. फोटो एकमेकांना चिकटले होते. सोडवायला जावं, तर चेहरे शेजारच्या पानावर निघून जायचे. आई-वडिलांच्या लग्नाच्या फोटोत वडिलांचे बूट तेवढे शिल्लक राहिले, बाकी पांढरं.

पण २०१७ साली वडिलांना पंचाहत्तर वर्षं पुरी झाली, तेव्हा आमच्या भाच्यानं तो सगळा अल्बम स्कॅन करून जुन्या कॉम्प्युटरवर चढवला होता. त्याच समारंभाचा एक व्हिडिओही त्यात आहे. चाळीस सेकंदांचा. वडील पाटावर बसलेत, ओवाळणं चाललंय, आणि ते कॅमेऱ्याकडं बघून म्हणतात, ‘‘चालू आहे का ते? मग आधी सांगायचं तरी. पंखा बंद करा, निरांजन विझतंय.’’ एवढंच. वडील २०२०ला गेले. त्यांचा आवाज म्हणून आमच्याकडं आहे तो हा. आई महिन्यातून एखाद-दुसऱ्यांदा तो लावायला सांगते आणि दर वेळी त्याच जागी म्हणते, ‘‘बघ, पंख्यावर लक्ष!’’

२०२१च्या जुलैत पाणी पुन्हा आलं, तेव्हा फ्रिजच्या आधी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडं गेला तो हा कॉम्प्युटर. त्यातली हार्ड डिस्क आता टकटक करते. जुन्या हार्ड डिस्का पेन्शनरांसारख्या असतात. खोकतात, कण्हतात, आज हे दुखतंय म्हणून सांगतात. एसएसडीचं तसं नाही. ती पुष्कळदा काही न सांगता एकदम बंद पडते, आणि तिच्यावरून एकदा पुसलेलं परत काढणं हे हार्ड डिस्कपेक्षा फार अवघड. शिवाय कोंडलेला विजेचा भार हळूहळू झिरपतो. वीज न देता ती वर्षानुवर्षं कपाटात ठेवून द्यायची वस्तू नव्हे. झिजलेली असली तर मुळीच नव्हे.

इथं मला आमच्या कोल्हापूरच्या पुराभिलेखागाराची आठवण झाली. मोडी कागद कापडात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. त्यातला दोनशे वर्षांपूर्वीचा हुकूम आजही मोडी येणारा माणूस घडाघडा वाचतो. ना वीज, ना वायर, ना पिढी चौथी का पाचवी. आणि याच गावात बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला, त्या मूकपटाची प्रिंट आज नाही. १९३६ साली त्यांनी तो बोलपट म्हणून पुन्हा काढला, पण ते दुसरं चित्र. साठवणीला वेग असून भागत नाही, एवढं कोल्हापूरकराला सांगायला दुकानदार लागू नये.

मग मी घरी येऊन एक कागद घेतला आणि मध्ये रेघ मारून दोन रकाने पाडले. डावीकडं ‘परत मिळेल’, उजवीकडं ‘परत मिळणार नाही’. विंडोज डावीकडं. ‘बाल्डर्स गेट’ डावीकडं. हरवला, तर दीडशे जीबी रात्रभरात पुन्हा उतरवता येतो, त्याचे पैसे एकदाच दिलेले असतात. चिरंजीवांनी त्यात चढलेल्या पायऱ्यासुद्धा कंपनीच्या सर्व्हरवर बहुतेक राहतात. डावा रकाना भरून वाहू लागला. उजवीकडं अल्बम, व्हिडिओ, घराचे कागद आणि चिरंजीवांचा बालवाडीतला मावळ्याचा फोटो. डावीकडचं सगळं मिळून दीड हजार जीबी आणि उजवीकडचं सगळं ३८०. वडिलांचा आवाज तर मोजून साठ एमबी.

म्हणजे गंमत अशी, की महागातली, वेगवान जागा हवी होती ती हरवलं तरी चालेल अशा मालाला. आणि जो माल हरवून चालणार नव्हता, त्याला स्वस्तातली, संथ जागा पुरत होती. फक्त ती एकापेक्षा जास्त ठिकाणी हवी होती. बँकेत तरी दुसरं काय असतं? काउंटरच्या गल्ल्यात रोकड हाताशी, पण बेताची. स्ट्राँगरूम आत, जड दाराची, दोन किल्ल्यांची, आणि दोन्ही किल्ल्या एका माणसाकडं कधी द्यायच्या नाहीत.

त्यानुसार मंजुरी निघाली. गेमिंगच्या कॉम्प्युटरात एक टीबीची चौथ्या पिढीची टीएलसी पट्टी. मदरबोर्डावर तशीच दुसरी खाच आहे. ती तूर्त रिकामी. कर्ज मंजूर झालं तरी उचल टप्प्याटप्प्यानं द्यायची असते, दुसरा हप्ता इंजिनियरिंगच्या पहिल्या सेमिस्टरचा निकाल पाहून. वाचलेल्या पैशांत बाहेरून जोडायच्या दोन साध्या हार्ड डिस्का. चिरंजीव दोन दिवस गप्प होते. एक टीबीत म्हणे चार-पाच मोठे खेळच मावतात. मी म्हटलं, तुला हात दोन आहेत.

जुन्या कॉम्प्युटरवरून माल काढायला बसलो, तेव्हा त्याची जुनी यूएसबी सेकंदाला तीसच एमबी देत होती. साडेतीन तास लागले. एका डिस्कचं झालं, की दुसरी. मध्ये टकटक वाढली, की चिरंजीव उठून कान लावत. तोंडातून शब्द नाही. शेवटी दोन्ही प्रती उघडून चिरंजीवांनी एकेक फाइल ताडून पाहिली, न सांगता. आमच्या ब्रँचमध्ये असा एक माणूस मिळाला असता, तर ऑडिटरला नुसता चहा पिऊन परत जावं लागलं असतं.

तिसरी प्रत गावाबाहेर असावी, असा या शास्त्रातला नियम आहे. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साठवणीवर आणि एक लांब. पहिली प्रत नव्या मशीनच्या पट्टीवर, दुसरी आमच्या गोदरेजच्या कपाटात, वरच्या खणात. लांबची कुठं ठेवावी, याचा विचार करायची गरजच पडली नाही. आमची एक मावशी पन्हाळ्यावर राहते. पंचगंगा तिथवर पोचली, तर मग फोटो बघायला कोणी उरणार नाही. करवीरकरांनी आपली गादी पूर्वी पन्हाळ्यावर ठेवली होती, ती काही उगीच नाही.

डिस्क घेऊन मी, आई आणि चिरंजीव रविवारी गाडीनं वर गेलो. मावशीनं ती दोन्ही हातांत धरून उलटीपालटी करून पाहिली, कानाला लावून पाहिली. ‘‘ह्यात भावजी हाईत व्हय?’’ तिनं आईला विचारलं.

‘‘आहेत. पंख्याचं सांगतायत,’’ आई म्हणाली.

मावशीनं डिस्क धुतलेल्या रुमालात बांधली आणि देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवली. फुलं वाहिलीस तर वाळलेलीच वाहा, पाणी शिंपडू नकोस आणि हळदी-कुंकू बाहेरून रुमालालाच लाव, एवढं तिला तीन-तीनदा बजावून आम्ही खाली उतरलो. वाटेत चिरंजीवांनी विचारलं, दुसऱ्या खाचेचा निकाल सेमिस्टरऐवजी युनिट टेस्टवर धरता येईल का.